जोसेफ लेव्हिन इतका मोठा पियानोवादक होता, तर त्याची रेकॉर्डिंग्ज इतकी कमी का? ऐकायला सुरुवात कुठून करू?

'इतका मोठा होता, तर...' हे शब्द मी पूर्वी ऐकलेत, म्हणूनच लिहायला बसलो.

माझे पियानोचे सर त्याला 'रोझिनाचा नवरा' म्हणायचे. रोझिनाचा शिष्य व्हॅन क्लायबर्न 1958 मध्ये मॉस्कोची चायकॉव्हस्की स्पर्धा जिंकला आणि तिचं नाव जगभर झालं. जोसेफ 1944 मध्येच गेला होता.

तेव्हा मी शोपँच्या ओपस 25 या संचातल्या सहाव्या एट्यूडशी (सरावासाठी लिहिलेल्या रचनेशी) झगडत होतो. उजव्या हाताला नुसते थर्ड्स, म्हणजे मधला एक स्वर सोडून दोन स्वर एकदम, तेही कुजबुजल्यासारखे हलके. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट भरून यायचं. लेव्हिनचं 1935 चं रेकॉर्डिंग मी मोठ्या कौतुकानं सरांना ऐकवलं. सर म्हणाले, "वेग वाढवलाय. चुका खरखरीत लपल्यात. एवढा थोर असता तर कंपन्यांनी सोडला असता का?"

घरी येऊन पियानोवर स्वर ताडून पाहिला. तबकडी जोरात फिरवली की सूरही चढतो. वेग सहा टक्के वाढला की चक्क अर्धा स्वर वर. इथे त्या एट्यूडची मूळ पट्टी, जी शार्प मायनर, जागच्या जागी होती. शिवाय तेव्हा टेप नव्हती. वाजवलेलं सरळ मेणावर कोरलं जायचं, चुकलं की अख्खी बाजू पहिल्यापासून. पुढच्या तासाला हे सगळं सांगितलं. सर म्हणाले, "मेट्रोनोम लाव." म्हणजे टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र.

कमी का? पहिल्या महायुद्धात, ऐन उमेदीत, तो बर्लिनमध्ये अडकून पडला. पुढे अमेरिकेत गेला, 1924 पासून न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संगीत शाळेत शिकवण्यात रमला. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावायची, त्यामुळे मिळाले ते बहुतेक छोटे तुकडे. सगळं मिळून एका सीडीत बसतं.

सुरुवात त्याच एट्यूडपासून करा. मग शुमानची टोकाटा, 1928 चं 'ब्लू डॅन्यूब'. रोझिनासोबतचा मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा शेवटी ऐका.

जुन्या तबकड्या नेमक्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या नसत, त्यामुळे सीडीवर स्वर थोडा सरकलेला असू शकतो, हे कबूल. पियानो रोलही (छिद्रं पाडलेल्या कागदी गुंडाळ्या, ज्यांवरून पियानो आपोआप वाजतो) बरेच आहेत, पण त्यांवरून त्याला जोखू नका. रोलवर वेग हवा तेवढा वाढवा, स्वर हलत नाही. सरांचा मात्र रोलवर पूर्ण भरवसा होता.