कॅल्शियमचं सिरप दिल्याने बाळाचा मेंदू तल्लख होतो का?

तुम्ही विचारलंय की आठ महिन्यांच्या बाळाला कॅल्शियमचं सिरप दिलं तर मेंदूतले कनेक्शन पक्के होतात का, कारण शिकणं कॅल्शियमवर चालतं असं वाचलंत. वाचलं ते खरंय जी, पण बाटलीचा त्याच्याशी संबंध नाही. मी नागपुरात फिजिओलॉजी शिकवतो, धंतोलीत मुलांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलं की हा विषय कानावर येतोच.

न्यूरॉनच्या, म्हणजे मेंदूतल्या पेशीच्या, आत मोकळं कॅल्शियम जवळपास नसतंच, बाहेर त्याच्या साधारण 10 हजार पट असतं, आणि पेशी ते सतत पंपाने बाहेर हाकलत राहते. म्हणून जरासं आत शिरलं तरी तो सिग्नल ठरतो. शिरायचा मोठा दरवाजा एनएमडीए रिसेप्टर, आणि तो भलता हट्टी, तोंडाशी मॅग्नेशियम अडकलेलं, समोरच्या पेशीकडून ग्लूटामेट हे रसायन यायला पाहिजे आन् त्याच वेळी ही पेशी स्वतःही चेतलेली पाहिजे, तेव्हाच मॅग्नेशियम हटतं. कॅल्शियम भसकन आलं की कॅमकेटू नावाचं एन्झाइम चालू होतं, सिनॅप्सवर, म्हणजे दोन न्यूरॉनच्या जोडावर, जास्तीचे एएमपीए रिसेप्टर (ग्लूटामेट आलं की पेशी चेतवणारे) बसतात, जोड पक्का. तेच थोडं थोडं बराच वेळ झिरपलं तर कॅल्सिन्युरिन नावाचं दुसरं एन्झाइम चालू होतं आणि जोड ढिला पडतो! म्हणजे जास्त कॅल्शियम म्हणजे जास्त हुशारी हा हिशोबच चुकीचा.

कोवळ्या मेंदूत आणखी गंमत आहे. बऱ्याच नव्या सिनॅप्सवर एनएमडीए असतात पण एएमपीए नसतात, मग मॅग्नेशियम हटवणार कोण? तर गाबा हे मेंदूतलं दुसरं रसायन. मोठेपणी हा ब्रेक मारतो, पण कोवळ्या वयात पेशीत क्लोराइड जास्त असल्याने उलट चेतवतो. (हे बहुतेक उंदरांवर पाहिलेलं आहे, माणसात हा टप्पा बराचसा जन्माच्या आधीच येतो.)

आता सिरपचं. रक्तातलं कॅल्शियम पॅराथायरॉइड हार्मोन आणि व्हिटॅमिन डी मिळून ठरावीक पट्ट्यात धरून ठेवतात, चमचाभर पाजलं म्हणून सिनॅप्सवर काही पोचत नाही. रिकेट्ससाठी (हाडं मऊ पडायचा आजार) डॉक्टरांनी दिलं असेल तर बंद नका करू, पहिल्या वर्षातले व्हिटॅमिन डीचे 400 युनिटवाले ड्रॉप्सही चालू ठेवा, ते हाडांसाठी आहेत. आणि नवजात बाळाचं कॅल्शियम खरंच फार उतरलं तर झटके येतात, पण ती दवाखान्यातली गोष्ट, घरी सिरप पाजायची नाही.

जोड पक्के करतो तो वापर. ह्यूबेल आणि वीझल या मेंदूच्या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा कोवळ्या वयात शिवून ठेवला, नंतर उघडला तरी मेंदू त्याचं ऐकेना, 1981 चं नोबेल मिळालं त्यांना. त्यामुळे मेडिकलमधून बाटली आणण्यापेक्षा बाळाचा एक डोळा तिरळा वाटतो का ते बघा, तिरळ्या डोळ्याचंही असंच होऊ शकतं, वाटला तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायचा उपाय लहानपणीच नीट लागू पडतो.