वजनकाटा उत्तर देत नाही तेव्हा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. दोन डेस्कटॉप प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलायला कसं लावायचं, सुरुवात कुठून करू, असं तू फर्मागुडीहून विचारलंस. म्हापशाच्या एका काजूच्या दुकानात मी हे काम दोनदा चुकवलं आहे. आधी ते सांगतो.

दुकानात एक बिलाचा प्रोग्रॅम होता आणि दुसरा वजनकाट्याची केबल सांभाळणारा. दोन्ही लिनक्सवर, एकाच मशीनवर. मी सोपी वाट धरली. काट्याचा प्रोग्रॅम फाइलमध्ये वजन लिही, बिलाचा प्रोग्रॅम ती दर सेकंदाला वाची. काही महिने बिनबोभाट चाललं. मग एका दुपारी १२.४५० किलो मालाचं बिल एका किलोचं निघालं. काट्याकडून अंक येतील तसा एकेक मी फाइलमध्ये टाकत होतो आणि पहिला ‘१’ पडल्या पडल्या पलीकडच्याने फाइल उघडली होती. दुसऱ्या नावाने पूर्ण लिहून मग नाव बदललं असतं तरी निभावलं असतं. पण ‘माझं बोलून झालं’ हे सांगायची सोयच मी ठेवली नव्हती.

म्हणून डी-बसकडे वळलो, म्हणजे एकाच मशीनवरच्या प्रोग्रॅमना एकमेकांना निरोप पाठवायला असलेल्या सामायिक वाटेकडे. तूही तिथूनच सुरुवात कर. पूर्वी लिनक्सच्या दोन डेस्कटॉपांपैकी केडीई निरोपांसाठी डीकॉप वापरायचं, ग्नोम कोर्बा, आणि एकाचं दुसऱ्याला कळायचं नाही. २००२ साली हॅवॉक पेनिंग्टन आणि सहकाऱ्यांनी सगळ्यांना चालेल अशी ही बस बांधायला घेतली. २००६ च्या नोव्हेंबरात तिची १.० आवृत्ती आली आणि २००८ साली केडीई ४ ने डीकॉप सोडून तीच घेतली. इतिहास एवढा पुरे.

आज रात्री एकच कर. एका टर्मिनलमध्ये बसवरचे निरोप दाखवणारा ‘डीबस-मॉनिटर’ चालू ठेव आणि दुसऱ्यातून ‘नोटिफाय-सेंड’ने स्वतःलाच एक सूचना पाठव. पहिल्या खिडकीत मजकूर धो-धो वाहील, त्यात ‘नोटिफाय’ ही मेथड, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला सांगायचं काम, शोध. तिला आठ गोष्टी द्याव्या लागतात: प्रोग्रॅमचं नाव, जुन्या सूचनेचा क्रमांक, चित्र, शीर्षक, मजकूर, बटणं, इतर खुणा आणि ती किती वेळ दिसावी तो काळ. उत्तरात एक क्रमांक येतो. तोच क्रमांक पुढच्या वेळी दुसऱ्या जागी दिलास की नवी सूचना न उगवता जुनीच बदलते. हे डोळ्यांनी बघ. मेथड म्हणजे विचारणं, सिग्नल म्हणजे दवंडी, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळेल.

आता दुसरी चूक, आणि हे पत्र खरं तिच्यासाठीच लिहितो आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. काट्याची केबल सैल झाली आणि काट्याचा प्रोग्रॅम अंकांची वाट बघत अडकून बसला. बिलाच्या प्रोग्रॅमने त्याला वजन विचारलं आणि तोही थांबला, कारण उत्तर येईपर्यंत विंडो अडवून ठेवणारी हाक मी मारली होती. वेळेची मर्यादा आपण दिली नाही तर सहसा २५ सेकंद धरली जाते. गल्ल्यावरचा मुलगा बटण दाबतोय, विंडो करडी पडलेली, प्रत्येक दाबण्यामागे आणखी एक हाक रांगेत. दुकानदार मला काही बोलला नाही, वही काढून हाताने बिलं लिहायला बसला. ते मला अजून लागतं.

काट्याचा प्रोग्रॅम मेला असता तर बरं झालं असतं. मेलेल्याचं नाव बसवरून जातं आणि विचारणाऱ्याला लगेच चूक म्हणून कळतं. अडकलेल्याचं नाव मात्र जागच्या जागी असतं, त्याची वर्दी कोणी देत नाही. तेव्हा पलीकडचा आहे, नाही, आहे पण बोलत नाही, या तिन्ही परिस्थिती पहिल्या दिवसापासून कोडमध्ये धर. हाक मारून विंडो मोकळी सोड, उत्तर आलं की कळव म्हणून फंक्शन देऊन ठेव आणि मर्यादा स्वतः ठरव. मी दोन सेकंद ठेवली, त्यानंतर ‘वजन हाताने टाका’ असा चौकोन उघडतो. पलीकडचा कधी आला, कधी गेला हे बस स्वतःच ‘नेमओनरचेंज्ड’ या सिग्नलने सांगते. ते ऐकत राहा, दर सेकंदाला ‘आहेस का रे’ विचारत बसू नकोस.

आणखी एक, आपल्याकडे हमखास नडणारं. बसवरचा मजकूर शुद्ध यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड अक्षरं साठवायच्या पद्धतीत, असावाच लागतो. जुन्या फॉन्टात टाइप केलेली गिऱ्हाइकांची नावं तशीच ढकललीस तर तुझी जोडणीच तुटेल. आधी ती युनिकोडमध्ये आण. पासवर्ड मात्र सेशन बसवर, म्हणजे लॉगिन केलेल्या वापरकर्त्याच्या स्वतःच्या बसवर, उघडा पाठवू नकोस, त्याच वापरकर्त्याचे इतर प्रोग्रॅम तो वाचू शकतात.

रविवारी फोंड्याला घरी ये, लॅपटॉप घेऊन. काट्याचा तो प्रोग्रॅम माझ्याकडे अजून आहे. तू बिलाची बाजू लिहून आण. तुझं चालू असताना मी माझा मध्येच अडकवीन, मग तुझी विंडो काय करते ते बघू.

तुझा,
काका