रविवारचा वर्ग की पीएच.डी.?

प्रश्न : मी अकरा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते आहे. शिक्षणशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली आहे. गेली चार वर्षं शाळेजवळच्या वस्तीत दर रविवारी मुलं आणि त्यांच्या आया यांच्यासोबत वाचनवर्ग चालवते. आता पीएच.डी. करून, शिक्षक तयार करणाऱ्या महाविद्यालयात शिकवावं असं वाटतं. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी सल्ला दिला, 'आधी पेपर काढा, समाजसेवा कायम झाल्यावर करा.' घरचे म्हणतात, हातची नोकरी सोडू नको. या क्षेत्रात समाजातल्या कामाला खरोखर जागा असते का? संशोधनाच्या प्रस्तावाचा मसुदा सोबत जोडला आहे. तो सहा आठवड्यांत द्यायचा आहे.

उत्तर : तुमच्या प्राध्यापकांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं कडू असलं तरी आधी ऐकून घ्या. विद्यापीठात माणसाचं काम अध्यापन, संशोधन आणि सेवा अशा तीन खात्यांत मांडतात. कागदावर तिन्ही शेजारी शेजारी असतात. नेमणुकीच्या किंवा बढतीच्या बैठकीत मात्र बहुतेक ठिकाणी संशोधनाचं खातं आधी उघडतं आणि सेवेचं खातं वेळ उरला तर. त्यातून 'सेवा' हा शब्द फसवा. परीक्षा समिती, प्रवेश समिती, वार्षिक अहवाल, पाहुण्यांची ने-आण हे सगळं सेवेतच धरलं जातं. तुमचे चार वर्षांचे रविवार आणि कुणाच्या तरी चार बैठका एकाच रकान्यात जाऊन बसतात.

याबद्दल कुणी बोललंच नाही असं नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्ये कार्नेगी फाउंडेशनच्या एका अहवालात विद्वत्तेचे चार प्रकार मांडले : नवं शोधणं, वेगवेगळ्या शाखांमधलं ज्ञान जोडून पाहणं, ज्ञान प्रत्यक्ष प्रश्नांना लावणं आणि शिकवणं. समाजात काम करणाऱ्या प्राध्यापकांना या मांडणीचा मोठा आधार वाटतो. पण बॉयर यांनी घातलेली अट पुष्कळदा गाळली जाते. सामाजिक काम विद्वत्तेत मोजायचं असेल, तर ते आपल्या विषयाच्या ज्ञानातून निघालेलं हवं आणि इतर संशोधनाइतकंच काटेकोर हवं. रक्तदान शिबिर भरवणं हे चांगल्या नागरिकाचं काम झालं, त्याचा शोधनिबंध होत नाही.

म्हणजे 'समाजसेवा नंतर करा' हा सल्ला शिबिरांना लागू पडतो. तुमच्या वाचनवर्गाला लागू पडत नाही, असं माझं मत आहे. वाचन कसं शिकलं जातं, घर आणि शाळा यांच्यात काय सांडतं, हाच तर तुमचा विषय.

अध्यापन, संशोधन आणि सेवा हे तिन्ही एकत्र कसं बसतं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहराचं आहे. शिक्षणाचे संशोधक लुईस मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शाळाशिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या कामकरी कुटुंबांच्या घरी पाठवलं. मुलाच्या तक्रारी सांगायला नव्हे, शिकायला. या घरांना काय काय येतं? शेती, खाणकाम, बांधकाम, दुरुस्ती, औषधी वनस्पती, पैशांचे व्यवहार. १९९२ मध्ये त्यांनी छापलेल्या निबंधाच्या लेखकांत खुद्द एक शाळाशिक्षिका आहे. तिच्या वर्गातला एक मुलगा मेक्सिकोतून आणलेली मिठाई विकायचा. एवढ्या धाग्यावरून वर्गात मिठाईचा अख्खा अभ्यास उभा राहिला आणि एक आई पाहुणी शिक्षिका म्हणून येऊन मिठाई करायला शिकवून गेली. यातलं संशोधन कुठलं, शिक्षकांचं प्रशिक्षण कुठलं आणि समाजकाम कुठलं, हे वेगळं काढून दाखवा पाहू!

मराठी वाचकाला तरी हे फार परकं वाटू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. आदिवासी मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. बालशिक्षिका तयार करण्याचं कामही तिथेच, त्याच मुलांच्या सोबतीने चाललं.

आता ज्या नोकरीची तुम्ही वाट पाहता आहात, तिच्याविषयी. मुलांना शिकवणं आणि शिकवायला शिकवणं या दोन गोष्टी आहेत. ही दुसरी गोष्ट पहिल्यासारखी दिसते म्हणून चांगले शिक्षकही तिथे ठेचकाळतात. समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये एक साधी पण बोचरी गोष्ट मांडली. शिक्षक व्हायला आलेला तरुण कोरा नसतो. शाळा संपेपर्यंत त्याने, अमेरिकेतल्या हिशेबाने, सुमारे १३,००० तास शिक्षकांना पाहण्यात घालवलेले असतात. डॉक्टर व्हायला निघालेल्या कुणीही एवढ्या शस्त्रक्रिया पाहिलेल्या नसतात. पण हे पाहणं बाकावरून झालेलं असतं. बाई फळ्यावर काय लिहितात ते दिसतं. त्या क्षणी त्यांनी दुसरं उदाहरण का टाळलं, मागच्या मुलीला मुद्दामच का विचारलं नाही, ते दिसत नाही. तुमच्या छात्राध्यापकांच्या, म्हणजे शिक्षक व्हायला शिकणाऱ्यांच्या, डोक्यात असे हजारो तास आधीच भरलेले असतील, आणि पाठ टाचणाचा, म्हणजे तासाच्या आखणीचा, नमुना कितीही सुबक दिला तरी वर्ग गडबडला की ते आपल्या जुन्या गुरुजींसारखेच ओरडतील. त्यांनी न पाहिलेली बाजू त्यांना दाखवणं, हे तुमचं काम.

मी स्वतः याच कामात सुरुवातीची वर्षं काढली आहेत. छात्राध्यापक शाळेत सरावासाठी घेतात त्या सरावपाठाला मागच्या बाकावर बसून मी ढीगभर शेरे लिहायचो : फलकलेखन सुधारा, आवाजात चढउतार हवा, वेळेचं नियोजन करा. एकदा एका छात्राध्यापिकेने पान वाचून विचारलं, 'सर, पण मुलांना समजलं का?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. चाळीस मिनिटं मी तिच्याकडेच पाहत होतो, एकाही मुलाच्या वहीत डोकावलो नव्हतो. त्यानंतर मी मागचा बाक सोडून मुलांच्या मध्ये बसायला लागलो. हे तुम्हाला उपजतच येत असणार, कारण रविवारी तुमच्यापुढे शेरे लिहायचा कागदच नसतो.

तरीही पहिली काही वर्षं जड जातील. इंग्लंडमध्ये जीन मरे आणि ट्रेव्हर मेल यांनी शाळेतून या क्षेत्रात आलेल्या २८ जणांचा अभ्यास २००५ मध्ये मांडला. शाळेत मुरलेली ही माणसं, पण नव्या भूमिकेत रुळायला त्यांना दोन ते तीन वर्षं लागली आणि संशोधनाच्या बाजूने त्यांची जास्त ओढाताण झाली. हे आधी माहीत असलेलं बरं. नाहीतर माणूस पहिल्याच वर्षी 'आपल्याला जमत नाही' म्हणून मोकळा होतो.

घरच्यांच्या काळजीबद्दल मी त्यांच्या बाजूने आहे. अकरा वर्षांच्या शिक्षिकेचा पगार नवख्या व्याख्यात्यापेक्षा जास्त असू शकतो, आणि या क्षेत्रातल्या पहिल्या नेमणुका बऱ्याचदा तात्पुरत्या किंवा तासांवरच्या असतात. तेव्हा राजीनामा आत्ता नको. अर्धवेळ पीएच.डी.ची सोय असेल तर ती घ्या. शाळेकडून अभ्यासरजा मिळत असेल तर ती पहिल्या वर्षी न घेता सामग्री गोळा झाल्यावर, लिखाणासाठी राखून ठेवा. आणि वर्ग हातात असणं ही तुमच्या संशोधनाची अडचण नाही. वर्गाबाहेर पडून दहा वर्षं झालेले कितीतरी शिक्षक-प्रशिक्षक वर्गाबद्दल ऐकीव बोलत असतात.

पुढे मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही दोन-चार प्रश्न विचारा. सरावपाठांच्या निरीक्षणाला शाळाशाळांतून फिरण्याचा वेळ कार्यभारात धरतात का? (बऱ्याच ठिकाणी अर्धाच धरतात.) संस्थेचं शाळांशी नातं फक्त सरावपाठांच्या हंगामापुरतं आहे का? समाजातल्या कामावर आधारलेल्या संशोधनावर विभागातल्या कुणाला अलीकडे बढती मिळाली आहे का? या शेवटच्या प्रश्नाला 'आमचं त्याला पूर्ण प्रोत्साहन असतं' असं उत्तर आलं, तर नाव विचारा.

पेपरांचं म्हणाल तर पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नका. तीन वर्षांत दोन नीट निबंध पुरे.

आता ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, तिकडे वळतो. पीएच.डी. सुरू झाली की तुमचे रविवार कमी होणार. मग तो वर्ग कोण चालवणार? रॉबर्ट सिग्मन यांनी १९७९ मध्ये सेवेतून शिकण्याची तीन तत्त्वं सांगितली होती. त्यातलं पहिलं असं, की ज्यांच्यासाठी सेवा आहे त्यांच्या हाती तिचा ताबा हवा. चार वर्षांनंतरही तुम्ही आजारी पडलात की वर्ग बंद राहत असेल, तर तो अजून तुमचाच आहे, वस्तीचा झालेला नाही. पुढच्या तीन महिन्यांत दोन-तीन आयांकडे एकेक रविवार सोपवा. त्या तुमच्यासारखं शिकवणार नाहीत. शिकवू नयेच. त्या दिवशी तुम्ही वही घेऊन कोपऱ्यात बसा आणि मध्ये बोलू नका. मला हे कधी जमलं नाही, तुम्हाला कदाचित जमेल.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. ज्या आया तुम्हाला चार वर्षं 'बाई' म्हणून ओळखतात, त्या उद्या तुमच्या प्रबंधात 'सहभागी' होणार. संशोधनासाठी संमती मागितलीत तर त्या हो म्हणतीलच, कारण त्यांची मुलं तुमच्याच शाळेत आहेत. अशा होकाराला फारसा अर्थ नाही. नाही म्हणायची खरी मोकळीक देता यावी म्हणून संमतीचं बोलणं तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी, शाळेशी संबंध नसलेल्या व्यक्तीने करावं. नाही म्हणणारीचं मूल रविवारी पहिल्यासारखंच येत राहील, हेही तिथेच स्पष्ट सांगावं. आधीच्या चार वर्षांच्या नोंदी आणि फोटो वापरायचे असतील तर त्यांचीही वेगळी परवानगी हवी. संस्थेची नैतिकता समिती हे विचारेलच. पण समितीसाठी म्हणून केलेली संमती आणि त्या बायकांसाठी म्हणून केलेली संमती यांतला फरक वाचणाऱ्याला कळतो.

राहिला मसुदा. 'कौटुंबिक सहभागाचा प्राथमिक विद्यार्थ्यांच्या वाचनसंपादनावर होणारा परिणाम' हे शीर्षक कुणाचंही असू शकतं, आणि खरं सांगायचं तर अशा शीर्षकांचे प्रबंध ग्रंथालयात रांगेने उभे आहेत. त्यात तुम्ही कुठेच नाही. उलट तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, जवळजवळ जाता जाता, एक प्रसंग आला आहे. अक्षर न येणारी एक आई सासूच्या गोळ्यांची पाकिटं रंगावरून, आकारावरून आणि उरलेल्या गोळ्यांच्या मांडणीवरून बिनचूक ओळखते. मुलगी तिला पाकिटावरचं नाव वाचून दाखवते, तेव्हा आई म्हणते, 'तू अक्षरं वाचतेस, मी पाकीट वाचते.' तुम्ही पुढे लिहिलं आहे की त्या दिवशी धडा बाजूला ठेवून सगळ्यांनी घरातल्या वस्तू आणल्या आणि कोण काय 'वाचतं' ते एकमेकींना सांगितलं.

तुमचा विषय तिथे आहे. अक्षरापलीकडचं हे वाचन शिक्षकाला दिसतं का, आणि छात्राध्यापकांना ते दिसायला लागावं म्हणून प्रशिक्षणात काय करावं लागेल? या प्रश्नावर तुम्ही वस्तीत काम कराल तेव्हा संशोधन होईल, आणि पुढे छात्राध्यापकांना घेऊन तिथे जाल तेव्हा अध्यापन. मार्गदर्शक निवडतानाही याच प्रसंगाचा उपयोग करा. तो सांगितल्यावर जे लगेच 'नमुना किती घेणार?', म्हणजे अभ्यासाला किती जण निवडणार, असं विचारतील त्यांच्याकडे जाऊ नका. 'मग पुढच्या रविवारी काय झालं?' असं विचारणारं कुणी भेटलं, तर थोडं थांबावं लागलं तरी त्यांच्याकडेच नाव नोंदवा.

सहा आठवड्यांपैकी पहिले दोन जुन्या रविवारांच्या नोंदी वाचण्यात घालवा आणि असे आणखी चार-पाच प्रसंग सापडतात का ते पाहा. मग नव्या मसुद्याचं एकच पान मला पाठवा. जुना मसुदा मी परत पाठवत नाही. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवरच हे उत्तर लिहिलं आहे.