वरणभातावरचे तूप

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलेस, की कॉलेजात आहारशास्त्राच्या तासाला बाईंनी संपृक्त मेदाचे, म्हणजे सॅच्युरेटेड फॅटचे, उदाहरण म्हणून तुपाचे नाव घेतले, आणि आजी तर म्हणते की तूप बुद्धीला चांगले असते. मग आपल्याकडे पहिल्या वरणभातावर तूप वाढतात ते का, आणि दोघींपैकी खरे कोणाचे? तेव्हा मी घाईघाईने दिलेले उत्तर मला अपुरे वाटले, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तुझ्या बाईंचे म्हणणे खरे आहे. तुपात सुमारे 60 टक्के मेद संपृक्त असतो, आणि संपृक्त मेदाने रक्तातील एलडीएल, म्हणजे अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते हे अनेक प्रयोगांतून दिसून आलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली दिलेल्या सल्ल्यानुसार दिवसभराच्या उष्मांकांपैकी 10 टक्क्यांहून अधिक संपृक्त मेदातून येऊ नयेत. दिवसाला 2000 उष्मांकांचा आहार धरला, तर ही मर्यादा साधारण 22 ग्रॅम होते, आणि चहाच्या चमचाभर तुपातून त्यातले जेमतेम 3 ग्रॅम जातात. म्हणजे वरणभातावरचा एक चमचा त्यात सहज बसतो. पुरणपोळीवर धार धरून ओतलेले तूप मात्र बसत नाही, आणि ज्या दिवशी चीज, मलईचे दूध आणि बिस्किटे पोटात गेलेली असतील, त्या दिवशी चमचाभर तुपाचाही विचार करावा लागतो.

आता प्रथेविषयी. आपले साधे वरण आठव: शिजवून घोटलेली तूरडाळ, हळद, हिंग, मीठ, फार तर गुळाचा खडा. त्याला फोडणी नसते. त्या घासात दुसरा कोणताही स्निग्ध पदार्थ नसतो, म्हणून वरून तूप घेतात. इतकी वर्षे वाढत आले, पण ही गोष्ट तू विचारेपर्यंत माझ्याही ध्यानात आली नव्हती. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे अंगी लागण्यासाठी जेवणात थोडा मेद असावाच लागतो, आणि पानातल्या पालेभाजीतील कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते, त्यालाही मेदाचा उपयोग होतो. परंतु आपण हल्ली तीन पळ्या तेलाची फोडणी दिलेल्या आमटीवर पुन्हा तूप घेतो आणि त्याला परंपरा म्हणतो, ते मला पटत नाही.

आजीचे बुद्धीविषयीचे म्हणणे मी प्रेमाने, पण स्पष्टपणे बाजूला ठेवते. मेंदूच्या घडणीत ज्या ओमेगा-3 मेदाम्लांचे महत्त्व सांगतात, ती तुपात अगदी नगण्य असतात. ती आजीच्याच दुसऱ्या बरणीत आहेत, म्हणजे जवसाच्या चटणीत. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-3 मेदाम्ल असते. शरीर त्यातला थोडाच भाग मेंदूला लागणाऱ्या रूपात बदलू शकते हे खरे, आणि त्या बाबतीत बांगडा आणि तारली हे मासे कितीतरी सरस; तरीही शाकाहारी घरात जवसाला पर्याय थोडे. जवस अख्खे खाल्ले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात, म्हणून भाजून कुटायचे. त्याचे तेल मात्र तापवू नकोस. ते फार लवकर खवट होते.

फोडणीसाठी आपल्या घरी शेंगदाण्याचे तेल असते, आणि मला ती निवड योग्य वाटते. त्यात निम्म्याच्या आसपास एक-असंपृक्त मेद, म्हणजे एलडीएल न वाढवणारा मेद असतो, संपृक्त मेद पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा कमी, आणि मोहरी तडतडेपर्यंत तापले तरी ते टिकते. करडईच्या पारंपरिक वाणाच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असते. एलडीएल कमी करायला ते चांगले, पण पुन्हा पुन्हा तापवायला नाजूक. खोबरेल तेलाला इथे औषधासारखा मान मिळतो आहे, पण त्यात 80 टक्क्यांहून अधिक मेद संपृक्त, म्हणजे तुपापेक्षाही जास्त. आणि तेलाच्या बाटलीवरच्या ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दाला भुलू नकोस; वनस्पतीच्या कोणत्याही तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. उष्मांक तर सगळ्यांचे सारखेच, ग्रॅमला 9.

खरी चूक आमच्या पिढीने वेगळ्याच ठिकाणी केली. माझ्या लहानपणी दिवाळीच्या शंकरपाळ्यांना वनस्पती तुपाचे मोहन असे, कारण ते स्वस्त होते आणि खुसखुशीतपणा छान येई. द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करतात, आणि ते काम अर्धवट राहिले की ट्रान्स मेद तयार होतो. तो एलडीएल वाढवतो आणि एचडीएल, म्हणजे उपकारक कोलेस्टेरॉल कमी करतो, हे 1990 साली नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवून दिले. भारतात त्यावर 2 टक्क्यांची मर्यादा यायला 2022 साल उजाडावे लागले. आई ते डबे भरभरून आम्हाला खाऊ घालत असे, आणि तिला हे कोणीही सांगितले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

तुझ्या खोलीवर तूप करायचे असेल, तर बिनमिठाचे लोणी जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेव. आधी ते चडचड आवाज करील. तो लोण्यातल्या पाण्याचा आवाज. आवाज मंदावला, फेस बारीक झाला आणि तळाची बेरी बदामी दिसू लागली की लगेच उतरव, कारण उतरवल्यावरही ती भाजत राहते. पाणी आणि दुधाचा अंश असा निघून गेल्यामुळेच तूप लोण्यापेक्षा जास्त तापमान सोसते आणि बाहेर ठेवले तरी टिकते. गार झाले की गाळून काचेच्या बरणीत भर, आणि बरणीत चहाचाच चमचा ठेव, पळी नको.

तुझी,
आई