ब्रिजमध्ये पहिली उतारी (डावातलं पहिलं पान टाकणं) कोणत्या पानाची करायची, हे कसं ठरवतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निवृत्तीनंतर ब्रिज शिकायला घेतलंत, 'नो ट्रम्पला (हुकूम नसलेल्या डावाला) लांब रंगातलं वरून चौथं पान, हुकमाच्या डावाला सिंगलटन (रंगातलं एकुलतं एक पान)' हे पाठ केलंत, तरी तुम्ही पहिलं पान टाकलं की समोरचा भिडू कपाळाला हात लावतो. मग नियम चुकीचे की आपण? सोबत तुमचा एक डावही दिलाय, त्याच्याकडे शेवटी येते.

'या वयात जमेल का' हे मात्र विचारू नका. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत ब्रिज पहिल्यांदा आलं, तेव्हा पुरुष जोडीचं सुवर्ण आपल्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी जिंकलं. वयं होती ६० आणि ५६. त्यानंतर निदान आमच्या घरी तरी 'पत्ते कुटायला निघालीस का' हे ऐकणं कमी झालं.

आता मुद्द्याचं. अख्ख्या डावात हे एकच पान डमी, म्हणजे डाव खेळणाऱ्या डिक्लेअररच्या भिडूची टेबलावर उघडी मांडलेली पानं, न बघता खेळावं लागतं. ५२पैकी तुम्हाला १३ दिसतात, उरलेल्या ३९ पानांची खबर मिळते ती फक्त बोलीतून, म्हणजे हुकूम कोणता आणि हात किती हे ठरवताना चौघे जे बोलतात त्यातून. आणि होतं काय, बोली संपली की माणूस ती विसरतो आणि आपल्या १३ पानांकडे टक लावून बसतो. पाठ केलेले नियम खोटे नाहीत, पण ते बोलीतून काहीच हाती लागलं नाही तर वापरायचे. आमच्या टेबलावरचे एक काका नवीन माणसाला एवढंच सांगतात, "पानाला हात लावायच्या आधी बोली पहिल्यापासून मनात म्हणून घ्या." मीही तेच करते.

आम्ही इंदूरला रविवारी दुपारी खेळतो. बहुतेक मंडळी मेंढीकोट आणि तीनशे चारवर वाढलेली, आणि पहिल्या पानातून ते लगेच दिसतं. मेंढीकोटात एक्का आला की काढा, दश्शी सापडते का बघा, हा हिशोब. ब्रिजमध्ये राजा जवळ नसताना नुसता एक्का टाकला, तर त्याच्याखाली सामनेवाले दुर्री-तिर्री टाकतात आणि त्यांचा राजा फुकटात मोकळा होतो. एक्का राजा-राणी पकडायला ठेवायचा असतो. एक्का-राजा दोन्ही असतील तर गोष्ट वेगळी, मग खुशाल खेळा: डमीही दिसते आणि पुढचा निर्णयही तुमच्याच हाती राहतो. उलटी चूकही होते. हुकमाच्या डावात एक्का मागे ठेवून त्याच रंगातलं छोटं पान काढायचं. डिक्लेअररकडे राजा एकटा निघाला तर तो हात मारतो, आणि तुमचा एक्का पुढे हुकमाने कापला जातो. नो ट्रम्पमध्ये हे चालतं, हुकमाच्या डावात पहिल्या पानाला जवळजवळ कधीच नाही.

बोली मनात म्हणून झाली की स्वतःला विचारायचं, आपले हात कुठून येणार, आणि ते घ्यायची घाई आहे का? दुसरा भाग जास्त महत्त्वाचा.

समजा डिक्लेअररने १ इस्पिक सांगितलं, डमीने २ किलवर, पुढे चढत चढत ४ इस्पिक झालं (इस्पिक हुकूम, आणि सहा अधिक चार म्हणजे १० हात करायचे). तुमच्याकडे बदामाचा राजा-९-६-२ आहे आणि किलवरची तीन फालतू पानं. म्हणजे डमीचे किलवर लांब आहेत आणि तुमच्या बाजूने अडणारही नाहीत. डिक्लेअरर हुकूम काढून घेईल आणि आपली हरणारी बदामं डमीच्या किलवरवर फेकेल. इथे घाई आहे. राजाखालून बदाम काढणं धोक्याचं असलं तरी काढा. आता बोली तीच, बदामं तीच, पण किलवरचे राणी-गुलाम-दश्शी-सत्ती तुमच्याकडे आहेत असं धरा. डमीचा लांब रंग तुम्हीच अडवून बसला आहात. डिक्लेअररला पानं फेकायला जागा नाही, बदामं त्याला स्वतःलाच खेळावी लागतील. मग राजाखालून कशाला जाता? चौकटची अठ्ठी-सत्ती-चौकी असेल तर अठ्ठी टाका आणि गप्प बसा. बदामं दोन्ही वेळा सारखीच होती, उतारी बदलली ती किलवरमुळे.

नो ट्रम्पमध्येही हेच. एकाने १ नो ट्रम्प म्हणजे १५ ते १७ गुण सांगितले (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १, सगळे मिळून ४०), दुसऱ्याने थेट ३ नो ट्रम्प. तुमच्याकडे चौकटची पाच पानं, वर फक्त गुलाम, बाकी सगळा कचरा. चौथं पान? हिशोब करा. त्यांच्याकडे साधारण २६, तुमच्याकडे १, म्हणजे भिडूकडे १३च्या आसपास. त्याला बोलायला जागाच मिळाली नाही, एकदम ३च्या पातळीवर कोण तोंड उघडणार? तुमची चौकट लांब झाली तरी ती वठवायला तुमच्याकडे परत येण्याचं साधन नाही, एकही हात तुम्ही मारू शकत नाही. हात येतील ते भिडूच्या रंगातून. डमीने बदाम-इस्पिक विचारलंच नाही, म्हणजे त्यातलं चार पानांचं काही बहुधा तिच्याकडे नाही. तेव्हा तुमच्याकडे इस्पिकची दश्शी-नव्वी एवढीच असली तर दश्शी काढा. भिडूकडे पाच निघायची शक्यता चांगली आहे. संगणकावर असे हजारो डाव वाटून पाहिले गेलेत, त्यातही या बोलीनंतर इस्पिक-बदामाचं पारडं जड निघालंय.

चौथं पान वापरायचं कधी? रंगात एक-दोन मोठी पानं आहेत आणि दुसऱ्या रंगात परत येण्याची सोय आहे, तेव्हा. त्यात भिडूचाही फायदा आहे. टाकलेलं पान ११मधून वजा करा, त्याच्याहून मोठी तेवढी पानं उरलेल्या तिघांकडे असतात. कारण साधं आहे. एक्का १४ धरला तर सत्तीपेक्षा मोठी पानं सात; चौथं पान टाकलंय म्हणजे त्यातली तीन टाकणाऱ्याकडेच, उरली चार. भिडूने सत्ती टाकली, डमीत राजा-अठ्ठी-चौकी दिसली, तुमच्याकडे राणी-दश्शी-दुर्री. डमीत दोन, तुमच्यात दोन, झाली चार. डिक्लेअररकडे सत्तीच्या वर काहीच नाही. डमीने चौकी टाकली तर राणी खर्च करू नका, दश्शीच हात मारते. हा आनंद मिळायचा तर भिडूने चौथंच पान टाकलंय हा भरवसा हवा, म्हणून कुठल्या पानाचा काय अर्थ हे बसण्याआधी ठरवून घ्या.

राजा-राणी-गुलाम, राणी-गुलाम-दश्शी अशी सलग पानं असतील तर फार डोकं लावू नका, वरचं पान टाका. सोपा आणि सुरक्षित हात, फारसं बोलण्यासारखं त्यात काही नाही.

हुकमाची उतारी लोक 'काहीच सुचलं नाही' म्हणून करतात. खरं तर ती सुचायला बोली लागते. डिक्लेअरर १ इस्पिक, डमी १ नो ट्रम्प, डिक्लेअरर २ चौकट, डमी पास. डमीला इस्पिक नको आहे, एखादं असेल किंवा नसेलही. तुमच्याकडे इस्पिकचे राजा-गुलाम-दश्शी-अठ्ठी आहेत. डिक्लेअरर आपली इस्पिकं डमीच्या चौकटने कापायला बघणार. मग पहिलंच पान चौकटचं टाका, पुन्हा हात आला की पुन्हा टाका. डमीतला प्रत्येक हुकूम कमी होणं म्हणजे तुमचं एक इस्पिक वाचणं. फक्त हुकूम एकच असेल तेव्हा तो काढू नका. भिडूकडे राणी किंवा गुलाम धरून तीन हुकूम असले तर डिक्लेअररचं अंदाज बांधायचं काम तुम्ही करून देता.

स्लॅमचं, म्हणजे १२ किंवा सगळे १३ हात करण्याच्या बोलीचं, दोन ओळींत. रंगाच्या ६ला हल्ला करायचा, एक्का पडायच्या आत दुसरा हात तयार हवा. ६ नो ट्रम्पला निरुपद्रवी पान शोधायचं. आणि ते स्वतःहून स्लॅमला गेले असताना भिडूने डबल (डाव पडला तर दंड वाढवणारी बोली) दिलं, तर नेहमीची उतारी करू नका. थिओडोर लाइटनरच्या नावाने ओळखलं जाणारं हे डबल 'काहीतरी अनपेक्षित काढ' एवढंच सांगतं. बहुतेक वेळा भिडूकडे एखादा रंग अजिबात नसतो आणि तो कापायला टपलेला असतो. न दिलेलं डबलही ऐकावं. सामनेवाल्यांनी एक्के विचारताना ५ चौकट उत्तर दिलं आणि भिडू गप्प राहिला, तर त्याला चौकटची विशेष हौस नाही, हे गृहीत धरायला हरकत नाही.

बाय द वे, जोड्यांच्या स्पर्धेत जास्तीचा एक हात देणंही महागात पडतं, म्हणून तिथे जरा सांभाळून खेळतात. टीमच्या सामन्यात कॉन्ट्रॅक्ट (बोलीत कबूल केलेले हात) पाडण्यासाठी एक हात उधळला तरी चालतो. तुम्ही कशात खेळता हे लिहिलं नाहीत.

आता तुमचा डाव. बोली १ इस्पिक, २ इस्पिक, ४ इस्पिक. तुमच्याकडे इस्पिकचे एक्का-९-६-३, बदामाची एकटी पंजी, चौकटचे राजा-राणी-गुलाम-८-२, किलवरचे ७-४-३. तुम्ही बदामाची पंजी काढलीत आणि भिडूची राणी सापडली.

सिंगलटन काढण्याचा मोह कळतो. पण सिंगलटन कधी चांगलं? हुकूम दोन-तीनच, त्यात एक्क्यासारखं डिक्लेअररला लवकर थांबवणारं पान, आणि भिडूकडे हात मारायला काहीतरी असेल, तेव्हा. तुमच्याकडे १० गुण, ते २५च्या आसपास, म्हणजे भिडूकडे जेमतेम ५. तो हात मारून बदाम परत खेळणार कधी? शिवाय तुमचे हुकूम चार आहेत. चार हुकूम असले की आपण कापायचं नसतं, डिक्लेअररला कापायला लावायचं असतं.

म्हणून चौकटचा राजा, आणि संधी मिळेल तेव्हा चौकटच. डिक्लेअररकडे इस्पिक पाच असतील, डमीकडे तीन. त्याला एकदा चौकट कापावी लागली की त्याचे उरले चार, तुमचेही चार. तो हुकूम काढू लागला की एक्का लगेच टाकू नका, दोनदा सोडा. तिसऱ्या वेळी, डमीचे हुकूम संपले की एक्क्याने घ्या आणि पुन्हा चौकट. डिक्लेअररचा शेवटचा हुकूम तिथे खर्ची पडतो. आता टेबलावर एकच हुकूम शिल्लक आहे, तो तुमच्याकडे, आणि त्याच्या मागे तुमची उरलेली चौकट.