फोडणीतली मोहरी आणि फेसलेली मोहरी

प्रिय सोनू,

काल फोनवर आजीच्या भोपळ्याच्या भरिताची तक्रार करत होतास. पहिल्याच घासाला मोहरी मस्तकात गेली म्हणे! मग विचारलंस, हीच मोहरी रोज वरणाच्या फोडणीत असते, तेव्हा का झोंबत नाही? आणि झोंबतं ते आपण मुद्दाम का खातो?

अख्ख्या मोहरीत झणका नसतोच. दाण्यात सिनिग्रिन नावाचं द्रव्य असतं आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम (म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) असतं, पण काडी आणि काडेपेटी लांब ठेवावी तसे ते वेगवेगळ्या कप्प्यांत. किड्याने दाणा किंवा पान चावलं की कप्पे फुटतात, दोघं ओलाव्यात एकत्र येतात आणि झोंबरं तेल तयार होतं. हे तेल रोपालाही अपायकारकच, म्हणून ते आयत्या वेळी बनवायची सोय.

आजी थंड पाणी घालून मोहरी फेसते, तेव्हा ती त्या किड्याचंच काम करत असते. (हे तिला सांगू नकोस.) फोडणीत उलट होतं. कढत तेलात एन्झाइम निकामी होतं, झोंबरं तेल बनतच नाही, आणि तडतडलेली मोहरी नुसती खमंग लागते. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं, लसूण ठेचल्यावर वास सुटतो, त्यामागे हीच युक्ती, द्रव्यं वेगळी.

किडे तरी कुठे ऐकतात! कोबीवर पांढरी फुलपाखरं येतात ना, त्यांच्या अळ्यांच्या पोटात एक प्रथिन असतं. ते ही क्रिया भलत्याच वाटेला लावतं, झोंबरं तेल होऊच देत नाही. वर मादी अंडी घालायला झाड शोधते तीही सिनिग्रिनसारख्या द्रव्यांवरूनच. १९१० साली ॲम्स्टरडॅमच्या फेर्शाफेल्ट नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने या अळ्या एरवी तोंड लावत नाहीत अशा पानांना सिनिग्रिन चोपडलं, आणि त्यांनी ती खाल्ली. राखण करणाऱ्यानेच चोराला पत्ता द्यावा, तसलं.

आता आपलं. हे झोंबरं तेल तोंडातल्या आणि नाकातल्या वेदनेच्या नसा चेतवतं. मेंदूला वाटतं इजा झाली, पण भरितातल्या चमचाभर मोहरीने आपल्या एवढ्या थोरल्या देहाला काही होत नाही. पॉल रोझिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं, की शरीर ओरडतंय आणि धोका तर काहीच नाही, हे कळण्यातच माणसाला मजा येते. मला ते पटतं. लोणच्यात मात्र मोहरी निव्वळ मजेखातर नसते. तिचं झोंबरं तेल जंतूंनाही आवरतं, मिठाच्या आणि तेलाच्या जोडीला तेवढीच मदत.

खात्री करायची असेल तर आजीकडून थोडी मोहरी कोरडीच कुटून घे. अर्धी थंड पाण्यात कालव, अर्धीवर आजीलाच उकळतं पाणी ओतायला सांग. दहा मिनिटांनी दोन्ही वाट्या हुंग आणि काय फरक पडला ते मला कळव. थंड पाण्याच्या वाटीजवळ नाक जरा जपून ने.

तुझा,
बाबा