एआय म्हणतो स्टेटस तयार झालं, पण बोर्डवर दिसत नाही. असं का होतं?

तुम्ही लिहिलंय की शिरपूर भागात सोलर पंप बसवायची कामं घेता, ती जिरात (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) नोंदवता, आणि एआयला 'पाहणी बाकी' असं नवं स्टेटस, म्हणजे कामाचा टप्पा, करायला सांगितलं. त्याने 'झालं' म्हणून कळवलं, पण बोर्डवर, म्हणजे कामं टप्प्यांच्या कॉलममध्ये दिसतात त्या पानावर, काहीच नाही. मी जळगावात ठिबकच्या एका वितरकाकडे कामांचं नियोजन बघतो. आमची सगळी स्टेटस एआयकडूनच करून घेतलेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमची अडचण. जिरात स्टेटस तयार होणं, ते वर्कफ्लोत (काम कोणत्या टप्प्यातून कुठे जाईल याच्या आराखड्यात) येणं आणि बोर्डच्या एखाद्या कॉलमला जोडलं जाणं, ही तीन वेगवेगळी कामं आहेत. एआयने पहिलंच केलं असेल तर स्टेटस नुसतं आत पडून राहतं. वर्कफ्लोत आलं पण कॉलमला जोडलं नाही, तर जास्त पंचाईत, कारण त्या स्टेटसला गेलेलं काम बोर्डवरून नाहीसंच होतं. म्हणून बोर्डच्या सेटिंगमध्ये कॉलमचं पान उघडा. न जोडलेल्या स्टेटसच्या रकान्यात 'पाहणी बाकी' सापडलं तर ओढून योग्य कॉलममध्ये टाका. तिथे नसेल तर वर्कफ्लो बघा, मग स्टेटसची यादी बघा. यादीतही नसेल तर ते तयार झालेलंच नाही, एआय काहीही म्हणो.

असं होतं, कारण एआयला जिराशी जोडणाऱ्या कनेक्टरमध्ये बहुतेक वेळा नवं काम उघडणं, कमेंट टाकणं आणि आधीपासून असलेल्या स्टेटसमध्ये काम सरकवणं एवढीच साधनं असतात. नवं स्टेटस घडवणं हे ॲडमिनचं काम आहे. म्हणून सुरुवातीलाच विचारा: 'स्टेटस तयार करायचं टूल तुझ्याकडे आहे का? असेल तर नाव सांग, अजून काही करू नकोस.' नसेल तर त्याच्याकडून एपीआयसाठी (बाहेरून प्रोग्रामने जिरा चालवायची सोय) छोटी स्क्रिप्ट लिहून घ्या आणि ज्याच्याकडे ॲडमिनचे अधिकार आहेत त्याने ती चालवावी. जिराच्या एपीआयमध्ये ही सोय आहे, लिनिअर या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही आहे. ट्रेलो या तिसऱ्यात तर प्रश्नच नाही, तिथे नवी लिस्ट (कॉलम) काढली की झालं. एपीआयचं टोकन (पासवर्डसारखी चावी) मात्र चॅटमध्ये चिकटवू नका. ते हाती लागलं की समोरच्याला तुमच्या नावाने जिरात शिरता येतं.

आता खरं महत्त्वाचं. स्टेटसचं नाव काय ठेवायचं यावर लोक तासभर बोलतात, आणि ते कोणत्या गटात जाणार हे एआयवर सोडून देतात. जिरात प्रत्येक स्टेटस तीनपैकी एका गटात बसतं: करायचं आहे, चालू आहे, झालं. लिनिअरमध्ये गट जास्त आहेत, पण तत्त्व तेच. बरेच रिपोर्ट आणि बाकी कामांची यादी नावावरून नाही, गटावरून चालतात.

आमचंच उदाहरण घ्या. ठिबकच्या अनुदानाचा रस्ता असा: महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, निवड, कागदपत्रं, पूर्वसंमती, मग संच बसवणं, बिल अपलोड, मोका तपासणी (शेतात येऊन पाहणी) आणि शेवटी शेतकऱ्याच्या खात्यात पैसे. एआयला नुसतं 'संच बसवला' हे नाव दिलं, तर शब्दावरून तो त्याला 'झालं' गटात टाकण्याची शक्यता मोठी. फिटरच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण बिल अपलोड व्हायचंय, कृषी खात्याचा माणूस शेतात येऊन संच बघायचाय, आणि आपल्या यादीतून काम गेलेलं! केळीच्या मृगबागेच्या (जून-जुलैच्या) लागवडीत रावेर-यावलकडून एकदम कामं येतात, तेव्हा अशी फाइल कोणाच्याच डोळ्यासमोर राहत नाही. त्यात नुकसान शेतकऱ्याचं. त्याने हप्त्यावर किंवा उधारीवर संच घेतलेला असतो आणि तो त्या पैशांच्या भरवशावर बसलेला असतो. म्हणून आमच्याकडे 'झालं' गटात दोनच स्टेटस आहेत: 'अनुदान जमा' आणि 'रद्द'.

तसंच 'थांबलंय' हे स्टेटस आम्ही ठेवलेलंच नाही. त्यातून कळत काहीच नाही. त्याऐवजी 'सातबारा येणं बाकी', 'पूर्वसंमतीची वाट', 'मोका तपासणी बाकी' अशी नावं आहेत. कोणासाठी अडलंय ते नावातच दिसलं पाहिजे, म्हणजे सकाळी फोन कोणाला करायचा हे विचारावं लागत नाही.

एआयला आम्ही सांगतो ते साधारण असं:

'ट्रायल प्रोजेक्टमध्ये "मोका तपासणी बाकी" हे स्टेटस कर. गट: चालू आहे. यात काम फक्त "बिल अपलोड" मधून येईल. इथून ते "अनुदान जमा" किंवा "त्रुटी दुरुस्ती" मध्येच जाईल. आधी काय काय बदलणार ते तक्त्यात दाखव, मी हो म्हटल्यावरच कर. झाल्यावर स्टेटसची यादी पुन्हा वाचून दाखव.'

शेवटचं वाक्य गाळू नका. 'झालं का?' असं विचारलं तर एआय 'हो' म्हणू शकतो. यादी जिरातून पुन्हा वाचायला लावली की तो जिरात जाऊन बघण्याची शक्यता वाढते. तुमच्या वेळी एवढं केलं असतं तर स्टेटस खरंच झालंय का, हे बहुधा तिथल्या तिथे कळलं असतं.

ट्रायल प्रोजेक्टमध्ये एक खोटं काम घेऊन ते पहिल्या टप्प्यापासून शेवटपर्यंत सरकवून बघा. कुठे अडकलं तर बहुधा दोन स्टेटसमधलं ट्रान्झिशन (एकातून दुसऱ्यात जायची वाट) राहिलंय. मगच खऱ्या प्रोजेक्टला हात लावा. जुनं स्टेटस काढायचं असेल तर त्यातली कामं कुठे हलवायची हे आधी स्वतः ठरवा, ते एआयला ठरवू देऊ नका. आणि सोलरमध्ये तुमचं काम खरोखर कधी संपतं, पंप चालू झाल्यावर की शेवटचं बिल निघाल्यावर, हे 'पाहणी बाकी' पुन्हा करायला घेण्याआधी फिटर आणि हिशेबनीस दोघांना समोरासमोर बसवून विचारा.